स्मार्ट कार्ड प्रवाशांच्या अंगवळणी कसं पाडायचं: पहिल्या टॅपपासून दुसऱ्या रिचार्जपर्यंत

बस-मेट्रोचं भाडं भरायच्या स्मार्ट कार्डाची योजना सुरू झाली की पहिल्या महिन्यात किती कार्डं वाटली, हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. तो आकडा फसवा असतो. फुकट किंवा सवलतीत मिळालेलं कार्ड माणूस घेतो, त्यात आधीच भरलेले पैसे असतील तर संपेपर्यंत वापरतो आणि मग ते कार्ड कपाटातल्या कागदांखाली जाऊन बसतं. प्रवाशाचा खरा कौल कळतो तो दुसऱ्या रिचार्जला. स्वतःचे पैसे त्यानं स्वतःहून पुन्हा कार्डात भरले, म्हणजे त्याचा विश्वास बसला. त्याआधीचं सगळं कुतूहल.

म्हणून या लेखात जाहिरातीबद्दल फारसं काही नाही. कार्ड हातात पडल्यापासून दुसऱ्या रिचार्जपर्यंत प्रवासी कुठे अडखळतो, कुठे घाबरतो, कुठे वैतागतो आणि तिथे नेमकं काय करायचं, हे इथे क्रमानं मांडलं आहे. परिवहन संस्थेतले कर्मचारी, प्रवासी संघटनांचे कार्यकर्ते, मदतीला उभे राहणारे स्वयंसेवक, सगळ्यांना यातलं काही ना काही लगेच करता येईल.

१. आधी थांब्यावर उभं राहा, मग पोस्टर छापा

सकाळची गर्दी, दुपारची शांत वेळ आणि रात्रीची शेवटची गाडी, अशा तिन्ही वेळी तिकीट कोण कसं काढतं ते पाहा. रोख पैसे देणारे सगळे एकाच कारणानं रोख देत नाहीत, हे तासाभरात लक्षात येतं. रोज ठरावीक अंतर जाणाऱ्या नोकरदाराला फक्त वेळ वाचवायचा असतो. त्याला पटवायला फार काही लागत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी येणाऱ्याला कार्ड सांभाळणं हीच कटकट वाटते, आणि त्याचं म्हणणं बरोबरही असतं. वयस्कर माणसांना पडद्यावरचे बारीक आकडे दिसत नाहीत. मुलांना घेऊन निघालेल्या आईला प्रश्न पडतो, की एका कार्डावर तिघांचं भाडं कसं द्यायचं?

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो रोजंदारीवर जगणाऱ्या प्रवाशाबद्दल. ‘हे लोक बदलायलाच तयार नाहीत’, असं त्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं. त्याच्या हातात पैसा रोज येतो आणि रोज संपतो. आठवड्याचं भाडं आधीच भरून ठेव, असं त्याला सांगणं म्हणजे घरखर्चातून तेवढी रक्कम आजच बाजूला काढ, असं सांगणं. त्याच्यासाठी रिचार्जची किमान रक्कम एका दिवसाच्या भाड्याइतकी खाली आणली, तर तोही कार्ड घेतो. ती खाली आणायची नसेल, तर त्याला दोष देऊ नये.

थांब्यावर उभं राहिलं की तेच तेच प्रश्न कानावर पडतात. कार्ड हरवलं तर पैसे बुडाले का? मशीननं दोनदा कापले तर कोणाकडे जायचं? शिल्लक संपली हे कळणार कसं? मध्येच प्रवास सोडला तर उरलेले पैसे परत मिळतात का? मी कुठे जातो-येतो हे कोण बघतं? या प्रत्येक प्रश्नाचं एका वाक्यातलं, खरं उत्तर लिहून काढा. एखाद्या प्रश्नाला असं उत्तर देताच येत नसेल, तर प्रचार थांबवा आणि आधी तो नियम दुरुस्त करून घ्या. गोलमोल उत्तर ऐकलेला प्रवासी घरी जाऊन चार जणांना सांगतो.

२. टॅप केल्यावर आत काय होतं ते शिकून घ्या

टॅप म्हणजे भाडं कापायला कार्ड मशीनला लावणं. लोकांना शिकवणाऱ्याला ही यंत्रणा कळलेली असली पाहिजे. कार्डाच्या प्लास्टिकच्या थरांमध्ये एक बारीक चिप असते आणि तिला जोडलेलं तारेचं वेटोळं असतं. बॅटरी नसते. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र सोडतं. कार्ड काही सेंटीमीटरवर आलं, की त्या क्षेत्रातूनच चिपला चालण्यापुरती वीज मिळते. मग दोघांत बोलणं होतं. कार्ड अस्सल आहे का, ते बंद केलेल्या कार्डांच्या यादीत तर नाही ना, शिल्लक किती आहे, हे मशीन तपासतं. त्यानंतर भाडं वजा होतं, नवी शिल्लक चिपवर लिहिली जाते आणि नीट लिहिली गेली का, याची खात्री केली जाते. हे सगळं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं.

नव्या प्रवाशाच्या बहुतेक अडचणी या अर्ध्या सेकंदात दडलेल्या असतात. तो घाईत कार्ड हवेत फिरवतो आणि लिहिणं पूर्ण होण्याआधीच हात मागे घेतो. कार्ड क्षेत्राबाहेर गेलं, की चिपची वीजच जाते. मशीन लाल दिवा दाखवतं आणि प्रवाशाला वाटतं, पैसे गेले. अशा वेळी तेच कार्ड त्याच मशीनला पुन्हा, सावकाश लावायचं असतं. चांगल्या यंत्रणेत अर्धवट राहिलेला व्यवहार तिथेच पूर्ण होतो किंवा रद्द होतो. प्रवासी मात्र गोंधळून शेजारच्या मशीनकडे धावतो किंवा दुसरं कार्ड काढतो आणि खरा घोटाळा तिथे होतो. ‘लाल दिसलं तर तिथेच थांबा, तेच कार्ड पुन्हा ठेवा’ एवढं एक वाक्य मशीनच्या वर मोठ्या अक्षरांत लावलं, तरी तक्रारींचा एक मोठा गठ्ठा कमी होतो.

दुसरी अडचण पाकिटाची. पाकिटात बँकेचं कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र आणि प्रवासाचं कार्ड एकत्र असलं, तर मशीनला एकाच वेळी अनेक उत्तरं मिळतात. कधी ते काहीच वाचत नाही. जिथे बँकेचं कार्डही भाड्यासाठी चालतं, तिथे तर भलत्याच कार्डातून पैसे जातात. पाकीट लावू नका, कार्ड बाहेर काढा किंवा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

तिसरी गोष्ट मशीनच्या जागेची, आणि इथे जपानचा दाखला शिकण्यासारखा आहे. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचं सुइका कार्ड नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधीच्या चाचण्यांत लोक कार्ड कुठे आणि कसं धरायचं, या विचारातच अडकत होते. कोणी उभं धरे, कोणी दुरून हलवे. डिझायनर शुनजी यामानाका यांनी कार्ड ठेवायची जागा प्रवाशाच्या दिशेनं १३.५ अंशांत कलती केली आणि तिला उजेड दिला. त्यानंतर हात आपोआप योग्य जागी जाऊ लागला. प्रवासी चुकत असतील, तर आधी मशीन कुठे आणि कशी बसवली आहे ते पाहावं. बसमध्ये ती दारापासून फार आत असेल, खांबाआड असेल किंवा उंच असेल, तर कितीही शिबिरं घेतली तरी पायरीवर गर्दी तुंबणारच.

आणखी एक फरक समजून घ्या. काही यंत्रणांत शिल्लक प्रत्यक्ष चिपवर असते, तर काहींत ती दूरच्या सर्व्हरवरच्या खात्यात असते आणि कार्ड केवळ ओळख पटवतं. पहिल्या प्रकारात मोबाइलवरून भरलेले पैसे आपोआप कार्डात उतरत नाहीत. ते एखाद्या मशीनला किंवा कार्ड वाचू शकणाऱ्या फोनला लावून चिपवर उतरवावे लागतात. ‘खात्यातून पैसे गेले, कार्डात आले नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच जन्मते. तुमची यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे, हे थांब्यावरच्या शेवटच्या स्वयंसेवकालाही ठाऊक असलं पाहिजे.

३. कार्ड मिळण्याची वाट छोटी करा

ओळखपत्राच्या प्रती, फोटो, दोन पानी फॉर्म आणि आठवड्यानं मिळणारं कार्ड, ही वाट सवलतीच्या पासासाठी समजू शकते. साध्या प्रवासासाठी नाव-गाव न विचारता, पैसे दिले की हातात पडणारं कार्ड हवंच. नोंदणी नंतर, ज्याला हवी त्याला करता यावी, आणि केली तर फायदा काय तेही स्पष्ट सांगावं: हरवलेलं कार्ड बंद करता येतं आणि शिल्लक नव्या कार्डावर येते.

कार्ड जिथे विकलं जातं तिथेच ते भरता यावं. मोठ्या स्थानकांवर ही सोय बहुधा असते, अडचण असते ती शेवटच्या थांब्यांवर. तिथे थांब्यापासून चालत जाता येईल अशा दुकानदाराला रिचार्जचं काम द्या आणि तो रोख पैसे घेईल याची खात्री करा. बँक खातं किंवा स्मार्टफोन नसलेल्या माणसाला कार्ड वापरता आलं नाही, तर ती सोय सार्वजनिक म्हणता येणार नाही. दुकानदाराचं कमिशन वेळेवर पोचतंय का, हेही बघा. ते थकलं की तो ‘मशीन बंद आहे’ असं सांगायला लागतो.

अनामत घेणार असाल, तर ती परत मिळवणं कार्ड घेण्याइतकंच सोपं ठेवा. ‘नको वाटलं तर याच खिडकीवर परत करा, पैसे लगेच मिळतील’ हे वाक्य खरं असलं, की लोक निर्धास्तपणे कार्ड घेतात.

साठ्याकडेही लक्ष ठेवा. जून २०२३ मध्ये चिपच्या टंचाईमुळे जपानमध्येही साध्या सुइका कार्डांची विक्री थांबवावी लागली होती. प्रचार जोरात आणि खिडकीवर ‘कार्ड संपली आहेत’ अशी पाटी, असं झालं तर तोच प्रवासी दुसऱ्यांदा विचारायला येत नाही.

४. भाड्याचं गणित कार्डाच्या बाजूनं असू द्या

सोय सांगून जेवढे लोक वळतात, त्याहून जास्त लोक हिशेब पटला की वळतात. भाड्यात थेट सवलत देणं हा सगळ्यात सरळ मार्ग. पण कार्डाची खरी ताकद दिसते ती गाडी बदलताना. कागदी तिकिटावर दुसऱ्या गाडीत चढलं, की भाडं पुन्हा पहिल्यापासून सुरू. कार्डाला मात्र माहीत असतं, की हा माणूस थोड्या वेळापूर्वीच पहिल्या गाडीतून उतरला आहे.

सेऊलनं जुलै २००४ मध्ये बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र केलं. कार्ड वापरून ३० मिनिटांच्या आत गाडी बदलली, तर नवं भाडं पहिल्यापासून लागत नाही, एकूण अंतरावर ठरतं. त्यासाठी उतरतानाही टॅप करणं गरजेचं असतं. रोख देणाऱ्याला ही सोय मिळत नाही. एवढा एक नियम ज्याला दिवसातून दोनदा गाडी बदलावी लागते, त्याला कार्डाकडे खेचायला पुरतो.

लंडनमध्ये ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आलं आणि २००५ पासून त्यावर दिवसाची कमाल मर्यादा लागू झाली. दिवसभरात कितीही फिरलात, तरी ठरलेल्या रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. यातली मोठी गोष्ट अशी, की प्रवाशाला सकाळी उठून ‘आज पास घेऊ की सुटी तिकिटं?’ हा विचार करावा लागत नाही. रोजंदारीवाल्याला तर हे वरदानच आहे. एकरकमी महिन्याचा पास त्याला परवडत नाही, पण आठवड्याची किंवा महिन्याची अशी मर्यादा ठेवली, तर पासाचा फायदा त्याला थोडे थोडे पैसे भरूनही मिळतो. माझ्या मते, कार्डाच्या नावानं करता येणाऱ्या सगळ्या गोष्टींत गरिबाच्या सर्वांत जास्त उपयोगाची हीच आहे आणि ती सर्वांत शेवटी केली जाते.

शिल्लक थोडी कमी पडली, तर काय होतं? हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डात, जे सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालं, शिल्लक शून्याखाली जाणार असली तरी शेवटचा एक प्रवास करता येतो. ती तूट अनामतीतून सुरक्षित राहते आणि पुढच्या रिचार्जमधून वळती होते. लंडनच्या बसमध्येही शिल्लक संपली, तरी आणखी एक प्रवास करू देण्याची सोय आहे. रात्रीच्या शेवटच्या गाडीत दोन-चार सुट्या पैशांसाठी प्रवाशाला खाली उतरवलं, तर तो कार्डाला कायमचा दुरावतो. ही सोय नसेल, तर ती मागण्यासाठी प्रवासी संघटनांनी जोर लावावा.

५. पहिला टॅप कोणीतरी शेजारी उभं राहून करून घ्यायचा

पहिल्यांदा कार्ड लावताना माणसाला पैशांपेक्षा मागच्या रांगेची जास्त भीती वाटते. मशीन ओरडलं तर? सगळे बघतील तर? म्हणून सराव गर्दीत नको, दुपारी द्या. थांब्यावर किंवा आगारात एक मशीन सरावासाठी मांडा, ज्यात पैसे कापले जात नाहीत. स्वयंसेवक निवडताना त्याच मार्गानं रोज जाणारे निवडा. ओळखीचा चेहरा असला, की अर्धा संकोच तिथेच जातो.

शिकवताना कार्ड स्वतःच्या हातात घेऊ नका. हा नियम कडक पाळा. आपण करून दाखवलेलं समोरच्याला कळलं असं वाटतं, पण त्याचा हात ते शिकलेला नसतो. बोलणं असं असावं:

“मावशी, कार्ड तुमच्याच हातात राहू द्या. हा उजेड दिसतो ना, त्यावर सपाट ठेवा. हलवू नका. आवाज आला? आता उचला.”

“आणि आवाज आलाच नाही तर?”

“तर तिथेच परत ठेवा. मागचे थांबतील. आता पडद्यावर बघा, वरचा आकडा आजचं भाडं, खालचा उरलेले पैसे.”

“खालचा दिसत नाही मला.”

“मग खिडकीवर कार्ड द्या, ते वाचून सांगतील. पैसे लागत नाहीत त्याला.”

शेवटचं वाक्य खरं असायला हवं, म्हणजे खिडकीवरच्या माणसाला तसं आधी सांगून ठेवायला हवं. आवाजाकडेही लक्ष द्या. यशाचा आणि चुकीचा आवाज स्पष्ट वेगळा असला, की कमी दिसणाऱ्या प्रवाशाला पडद्याकडे पाहावंच लागत नाही. आणि चुकीचा आवाज कर्कश नको. दोन हलके स्वर पुरतात.

सराव तीन वेळा करून घ्या: चढताना, उतरताना आणि मुद्दाम चुकवून. मुद्दाम चुकवलेल्या टॅपनंतर कार्ड पुन्हा कसं लावायचं, हे ज्यानं एकदा केलं, तो खऱ्या गर्दीत घाबरत नाही.

६. कंडक्टर आणि चालक सोबत नसतील तर काही होणार नाही

प्रवासी कार्डाबद्दल पहिला प्रश्न कंडक्टरला विचारतो. त्यानं तोंड वाकडं केलं, की तुमचं पोस्टर वाया गेलं. कंडक्टरच्या मनात दोन गोष्टी असतात: हे मशीन आलं तर माझी नोकरी जाणार का, आणि मशीन बिघडलं तर हिशेबाची तूट माझ्या माथी येणार का? दोन्ही प्रश्नांना लेखी उत्तर द्या, मगच प्रशिक्षण घ्या.

फायदाही त्यांच्याच कामाच्या भाषेत सांगा. चालकच भाडं घेतो अशा गाडीत गणित सरळ आहे. समजा एका थांब्यावर २० जण चढले आणि दर माणशी ५ सेकंद वाचले, तर त्या थांब्यावर १०० सेकंद वाचतात. असे १० गर्दीचे थांबे असतील, तर एका फेरीत साधारण १७ मिनिटं. कंडक्टर असलेल्या गाडीत हा हिशेब असा लागू होत नाही, कारण तिकीट गाडी चालू असताना दिलं जातं. तिथे फायदा वेगळा आहे: सुट्या पैशांवरून होणारे वाद कमी, पाळी संपल्यावर रोकड मोजण्याचा वेळ कमी, आणि गर्दीत मागच्या दारापर्यंत घुसायची कसरत कमी.

एक नियम मात्र गाडीत ठळक लावा: मशीन बंद असेल तर प्रवाशाला दंड नाही आणि कंडक्टरला जाब नाही. त्या फेरीत रोख तिकीट चालेल किंवा प्रवास मोफत होईल, यातलं काय ते संस्थेनं ठरवावं. पण जे ठरेल, ते सगळ्या गाड्यांत सारखंच पाळावं. तपासनीसांनाही पहिले काही आठवडे दंडाऐवजी मार्गदर्शन करायला सांगा.

७. चुकून कापलेले पैसे किती दिवसांत परत मिळतात?

सगळ्या मोहिमेतला कळीचा मुद्दा हाच आहे. शिकागोनं २०१३ मध्ये व्हेंट्रा नावाची नवी कार्डव्यवस्था आणली. मशीनना टॅप ओळखायला वेळ लागू लागला, काहींचे दोनदा पैसे कापले गेले आणि मदत केंद्राचा फोन लागेना. शेवटी तिथल्या परिवहन संस्थेनं जुनी व्यवस्था पूर्ण बंद करण्याची तारीख पुढे ढकलली आणि कंत्राटदाराला तीन अटी घातल्या: फोन ५ मिनिटांच्या आत उचलला जावा, ९९ टक्के टॅप अडीच सेकंदांच्या आत पूर्ण व्हावेत, आणि ९९ टक्के यंत्रं चालू असावीत. त्या पूर्ण होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, असंही ठरलं.

या अटी कोणत्याही शहरातल्या प्रवासी संघटनेनं कागदावर उतरवून घेण्यासारख्या आहेत. त्यात मी चौथी घालेन: चुकून कापलेली रक्कम ठरलेल्या दिवसांत परत मिळेल आणि ते दिवस मोजके असतील. रक्कम लहान असेल तर आधी परत करा, चौकशी मागाहून करा. छोट्या रकमेसाठी प्रवाशाला तीन चकरा मारायला लावल्या, तर वाचलेल्या पैशांपेक्षा गमावलेला विश्वास महाग पडतो.

उतरताना टॅप करायला विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. अंतरानुसार भाडं असेल, तर अशा वेळी सर्वांत लांबच्या थांब्याचं भाडं किंवा ठरावीक कमाल रक्कम कापली जाते. नेदरलँड्समध्ये हे इतकं घडत असे, की विसरलेल्या टॅपचे पैसे परत मागण्यासाठी वेगळी ऑनलाइन सोय करावी लागली. तुमच्याकडे महिन्यातून एक-दोन वेळा अशी चूक माफ होऊ शकते का, विचारून पाहा. आणि दाराजवळ, उतरणाऱ्याच्या नजरेसमोर, ‘उतरताना कार्ड लावलं का?’ एवढंच लिहा.

कार्ड हरवल्यावर काय करायचं, ते कार्डाच्या मागेच छापा: कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि कार्ड किती वेळात बंद होतं. कार्डाचा क्रमांक आजच फोनमध्ये किंवा वहीत लिहून ठेवा, हेही प्रवाशाला सांगा. हरवल्यानंतर तो कोणालाच आठवत नाही.

८. प्रवासाची माहिती

कार्ड कुठे, किती वाजता लागलं याची नोंद होतेच. ती कोण पाहतं, किती काळ ठेवली जाते, हे लोकांना न विचारता सांगा. २०१० मध्ये हाँगकाँगच्या ऑक्टोपस कंपनीनं जवळपास २० लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना पैसे घेऊन दिल्याचं उघड झालं आणि मुख्याधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. जगातल्या अतिशय यशस्वी कार्डाबाबत हे घडलं. त्यामुळे ज्याला नाव द्यायचं नाही, त्याला विनानावाचं कार्ड मिळालंच पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल विचारलं, तर ‘काहीच होऊ शकत नाही’ असं कधीही सांगू नका. अनेक शहरांत वापरली जाणारी मायफेअर क्लासिक ही चिप २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भेदून दाखवली होती. त्यानंतर अधिक मजबूत चिपा आल्या. प्रवाशाला एवढंच सांगा, की कार्डात गरजेपुरतेच पैसे ठेवा आणि हरवलं तर लगेच बंद करा.

९. रोख बंद करण्याची घाई नको

लंडनच्या बसगाड्यांत ६ जुलै २०१४ पासून रोख भाडं बंद झालं. पण त्याआधी ऑयस्टरला ११ वर्षं झाली होती, बँकेची संपर्करहित (नुसती मशीनला लावून चालणारी) कार्डं डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये चालत होती आणि रोख देणारे प्रवासी सुमारे १ टक्क्यावर आले होते. ज्या दिवशी रोख बंद झाली, त्या दिवशी ती जवळजवळ कोणी वापरतच नव्हतं.

सिंगापूरचा अनुभव याच्या उलट आहे. प्रौढांची जुनी कार्डं १ जून २०२४ पासून बंद करून सगळ्यांना खात्यावर चालणाऱ्या नव्या व्यवस्थेकडे नेण्याची घोषणा ९ जानेवारी २०२४ रोजी झाली. नव्या व्यवस्थेत कापलेलं भाडं आणि उरलेली शिल्लक फाटकावर दिसत नव्हती, ती ॲपवर पाहावी लागे. लोक इतके नाराज झाले, की दोन आठवड्यांच्या आत, २२ जानेवारीला निर्णय मागे घ्यावा लागला आणि जुनी कार्डं चालू ठेवण्यासाठी सरकारला ४ कोटी सिंगापूर डॉलर वेगळे काढावे लागले. कार्ड वापरण्यात मुरलेले हे प्रवासी होते. त्यांनाही टॅप करताच आकडा डोळ्यांनी पाहायचा होता. पडद्यावरचे ते दोन आकडे कधीही काढू नका.

पाहुण्यांसाठी, फोन बंद पडलेल्यांसाठी, कार्ड घरी विसरलेल्यांसाठी एक रोख वाट शेवटपर्यंत ठेवा. सुरुवातीला ती महाग करण्याऐवजी कार्ड स्वस्त करा. पैसे तेवढेच जातात, पण प्रवाशाच्या मनात दंड बसत नाही.

१०. काय मोजायचं

दर महिन्याला चार आकडे पुरतात: पहिल्यांदा वापरलेली कार्डं, त्यांपैकी दुसरा रिचार्ज झालेली, पहिल्याच प्रयत्नात न वाचले गेलेले टॅप, आणि तक्रार निकाली निघायला लागलेले दिवस. हे आकडे मार्गानुसार आणि थांब्यानुसार वेगळे काढा. सगळ्या शहराची सरासरी काहीच सांगत नाही.

दुसऱ्या रिचार्जचा आकडा जिथे खाली असेल, तिथे बहुतेक वेळा एखादं अगदी ठोस कारण सापडतं. रिचार्जचं दुकान कामगार सुटायच्या आत बंद होतं. मशीनवर दुपारचं ऊन पडतं आणि पडदा वाचता येत नाही. एका ठरावीक गाडीचं मशीन पहिल्या टॅपला नेहमी दगा देतं. ही कारणं कार्यालयात बसून कळत नाहीत. त्या मार्गावर, लोक ज्या वेळी घरी परततात त्याच वेळी, स्वतः कार्ड घेऊन चढा, उतरा, शेवटच्या थांब्यावर रिचार्ज करून पाहा आणि जे आडवं आलं ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला द्या.